लक्ष्यामामास, नाच बसवण्याबाबत

साखरशेत, ता. जव्हार
पौष महिना, चुलीजवळ बसून

तीर्थरूप लक्ष्यामामा यांच्या चरणी भाची रविना हिचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असावी, तसेच मामींचे गुडघे, दोन्ही बैल आणि ती शिंगाडी शेळी यांचेही कुशल असावे, अशी गावदेवीच्या पायाशी प्रार्थना.

मामा, हे 'आपली' आणि 'असावे' इथंच थांबवते. शाळेत पत्रलेखनात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, ते कौशल्य कुठंतरी वापरावं म्हणून सुरुवात तशी केली. पण पुढंही असंच लिहीत गेले तर हे पत्र प्रकल्प कार्यालयातून आलंय असं समजून तू ते न ऐकताच पत्र्याच्या पेटीत टाकशील. तेव्हा नेहमीसारखं, तू आणि मी. फोन का नाही केला म्हणशील. फोन केला की तू 'हां, बरा हाय, तू बरी ना' एवढं बोलून फोन ठकीच्या हातात देतोस आणि गोठ्यात निघून जातोस. पत्राचं तसं नाही. तुझी लेक ठकी ते वाचून दाखवत असताना तू उठलास तर मामी तुला सोडणार नाही. आईनं नागलीचे पापड दिलेत, तेही मुकेशच्या हाती पत्राबरोबरच पाठवतेय. पत्र संपेपर्यंत ते भाजू नयेत अशी मामीला विनंती. खोकल्याबद्दल मी विचारत नाही. तू सांगत नाहीस, मी विचारत नाही, हे आपलं ठरलेलंच आहे.

(ठके, कंसातलं तुझ्या एकटीसाठी. मोठ्यानं वाचायचं नाही. मामानं विचारलं मधेच का थांबलीस, तर रविनाचं अक्षर लागत नाही म्हण, ते खरंही आहे. आता ऐक. माझा नाच बसलेला नाही आणि मामाशिवाय तो बसणारही नाही. पण सरळ 'ये' म्हटलं की तो 'नाय' म्हणणार, आणि एकदा नाय म्हणाला की संपलं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. डॉक्टरांनी फुंकायची बंदी केल्यापासून त्यानं तारपा खांबाला टांगला, आणि नव्या भाताच्या नाचाला सगळा पाडा खळ्यावर असताना हा तोंडावर टॉवेल दाबून घरामागं बसला, हे तूच रडत सांगितलंस ना? म्हणून मी आडवाटेनं चाललेय. तू फक्त चेहरा सरळ ठेव.)

तर मामा, आनंदाची बातमी अशी की मी एक नाच करतेय. तू म्हणशील, नाच करायचा म्हणजे काय, नाच तर आहेच. बरोबर आहे. आपल्याकडं तारपा वाजला की उठायचं आणि कमरेला हात घालून रिंगणात शिरायचं, एवढ्यावर काम भागतं. मुंबईत तसं चालत नाही. तिथं आधी संकल्पना लागते. संकल्पना म्हणजे तुम्ही नाचायला का उठलात याचं कारण, निदान दोन पानं. त्यानंतर शोध लागतो, म्हणजे ते कारण खरं आहे का हे बघायचं. आणि मग सुरू होते प्रक्रिया. प्रक्रिया म्हणजे नाच बसत नसतो ते सगळे दिवस. आमच्या वर्गातली एक मुलगी गेलं वर्षभर प्रक्रियेत आहे, आणि सगळे तिच्याकडं फार आदरानं बघतात. माझं हे शेवटचं वर्ष. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं स्वतःचा दहा मिनिटांचा नाच रचून दाखवायचा, तो जमला तर पदवी. दहा मिनिटं ऐकून तू हसला असशील. दहा मिनिटांत तर तुझी नुसती तंबाखू मळून व्हायची.

पहिल्यांदा मी विस्थापनावर नाच केला होता. त्यात मी प्लास्टिकच्या खुर्च्या एकीवर एक रचून त्यांच्याकडं दुःखानं बघत होते. दातार मॅडमनी तो पाहिला. दातार मॅडम म्हणजे आम्हाला नाच रचायला शिकवणाऱ्या बाई, फार मोठ्या नर्तकी, पण हसल्या की थेट आपल्या मामीसारख्या दिसतात. त्यांनी विचारलं, यात तू कुठं आहेस? मी म्हटलं, तिसऱ्या खुर्चीमागं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मोठ्या कलावंतांना काम भावलं की ते डोळे मिटतात.

(नव्हतं भावलं, ठके.)

मग मी विचार केला, आपल्याच घरात पडलेलं सोडून मी खुर्च्या कशाला रचतेय? तारप्याचा नाच घ्यायचा. जसाच्या तसा नाही हं मामा, तसा तर तो पर्यटन महोत्सवात कुणीही दाखवतं आणि लोक सामोसा खात बघतात. मी त्यावर काम करणार होते. वहीत मी लिहिलंसुद्धा, 'रिंगण म्हणजे काय?' मॅडमना ते वाक्य खूप आवडलं. साखरशेतला येऊन मी तेच पोश्याकाकाला विचारलं, तर तो म्हणाला, गोल. बालपणी तुझ्याबरोबर गुरं राखलेल्या माणसाकडून मी याहून जास्त अपेक्षा ठेवली होती.

भात झोडून खळी रिकामी झाली तसं आम्ही काम सुरू केलं. पोश्याकाका सगळ्यांत जुना, म्हणून तो हवाच. मुकेश ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर असतो, पण शनिवारी येतो, आणि घुंगरांची घोळकाठी घेऊन रांगेच्या पुढं चालायला त्याच्यासारखा कुणी नाही. शिवाय तो हिंदी बोलत असल्यामुळं सगळे त्याचं ऐकतात. कविता आणि तिच्या मैत्रिणी आल्या, बाकीचे पोश्याकाकानं ओढून आणले. मी छातीवर शिट्टी अडकवून मधे उभी राहिले आणि कॉलेजात शिकवतात तशी सुरुवात करून दिली, पाच, सहा, सात, आठ! कुणी हललं नाही. पोश्याकाकानं बिडी विझवून विचारलं, "आन एक ते चार कठं गेलं?" मी समजावलं की नाचात असंच मोजतात, पाचपासून. मुकेश म्हणाला, "टेन्शन नको घेऊ काका, ते मुंबईलाच कापून घेतात." त्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

तारपा वाजवायला यंदा दर वर्षीसारखा तू आला नव्हतास, पण माझं काही अडलं नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी तुझ्या अंगणात तू वाजवलेलं मी मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं. ते मी एका ब्लूटूथ स्पीकरवर लावलं, स्पीकर उपड्या पाटीवर ठेवला, पाटी खळ्याच्या मधोमध. लोट्याएवढा स्पीकर, पण मामा, तू काय घुमलास! कविता पदर खोचतच धावत आली. आणि नाच असा सुरू झाला की मला काही सांगावंच लागेना. मी पाच-सहा-सात-आठ म्हणायची आणि थोड्या वेळानं बरोब्बर सगळ्यांचं पाऊल एकदम बदलायचं. इतकं बरोब्बर की मलाच माझं कौतुक वाटलं. मी मॅडमना कळवून टाकलं की इथल्या लोकांनी माझी मोजणी आत्मसात केली आहे.

(ठके, हे वाक्य लक्षात ठेव. पुढं मला ते फार महागात पडलंय.)

पहिली अडचण आली ती पाठीची. रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला बसतात. रिंगणात सगळ्यांची तोंडं मधे, म्हणजे अर्ध्या लोकांच्या पाठी प्रेक्षकांना. मी म्हटलं, समोर आलात की वळा, प्रेक्षकांकडं बघा. पोश्याकाका वळेना. म्हणतो, "तारप्याला पाठ दाखवाची नाय." मी म्हटलं, काका, हा तारपा नाही, हा डबा आहे, यात बॅटरी आहे. तो म्हणाला, "आत लक्ष्या हाय ना?" त्यानंतर कविता आणि तिच्या मैत्रिणीही वळेनात. मी एक रात्र विचार केला आणि सकाळी मला तो उपाय सुचला, ज्याला मॅडम नंतर प्रतिभा म्हणाल्या. स्पीकर उचलून प्रेक्षकांत ठेवायचा! तारपा प्रेक्षकांत असला की तारप्याकडं तोंड म्हणजे प्रेक्षकांकडं तोंड. आहे की नाही डोकं?

त्या दिवशी प्रेक्षक म्हणून आई, वाल सोलत बसलेल्या दोन शेजारणी आणि एक वासरू होतं. मी त्यांच्यामधे स्पीकर ठेवला आणि खळ्याच्या टोकाला नाच उभा केला. तारपा वाजू लागला. मुकेशनं घोळकाठी आपटली, रांग निघाली, आणि सरळ प्रेक्षकांत येऊन त्यांच्याभोवती फिरू लागली. मी ओरडले, तिकडंच थांबा! पण तारपा जिथं तिथंच रिंगण पडणार. आईला उठून बाहेर येता येईना, वालाची टोपली पायाखाली गेली, आणि वासरू तेवढं खुशीत होतं. घाबरले असते तर मी कलावंत कसली? मी वही काढली आणि लिहिलं, 'हा नाच प्रेक्षकांना सामावून घेतो.' तेव्हापासून ठरलं की प्रेक्षक मधे, स्पीकर त्यांच्यात आणि नाच भोवती. असं आमच्या कॉलेजात कुणी केलेलं नाही.

मधे एकदा स्पीकरची बॅटरी संपत आली आणि तो टिट-टिट करायला लागला. कविताच्या धाकट्या बहिणीनं शहाणपणा करून तो चालू असतानाच उचलला आणि शाळेच्या ओट्यावर जिथं वीज आहे तिकडं निघाली. तिच्यामागं मुकेश, मुकेशमागं सगळी रांग, कमरेत हात तसेच. उकिरड्याला वळसा घालून, पेंढ्याच्या उडवीमागून, पोश्याकाकाच्या घराच्या पुढच्या दारानं आत आणि मागच्या दारानं बाहेर. पोश्याकाकाची बायको भाकरी थापत होती, तिनं नुसतं वर बघितलं. शाळेत पोचल्यावर स्पीकर चार्जिंगला लागला आणि नाच ओट्याभोवती पुन्हा नीट गोल झाला. चुकलं कुठंच नव्हतं. मी तेही वहीत लिहिलं.

आता मुख्य प्रसंगाकडं येते. शेवटच्या प्रयोगाआधी काम कुठवर आलंय ते बघायला मॅडम येतात, बरोबर बाहेरचे एक परीक्षक आणतात. मी म्हटलं, मुंबईला नको, जव्हारलाच या, मातीतला नाच मातीत बघा. (ठके, मुंबईला सगळ्यांना न्यायची गाडी मिळत नव्हती.) जव्हारला एका शाळेचा हॉल मिळाला. आदल्या दिवशी मी आवाज तपासायला बसले तर त्यात तुझं खोकणं होतं. दर थोड्या वेळानं एकदा, घसा खाकरल्यासारखं. मला वाटलं, परीक्षक काय म्हणतील? आणि मामा, तुलाही ते आवडलं नसतं. दर वर्षी नाच संपला की तू 'खोकल्यानं नास केला' म्हणतोस, मी लहानपणापासून ऐकतेय. मोबाइलवर आता सगळं निघतं. मी एकेक करून तुझे सगळे खोकले काढून टाकले. ऐकायला इतकं स्वच्छ झालं की जणू तू कधी आजारी पडलाच नाहीस.

परीक्षक आले ते मफलर गुंडाळून. मुंबईचा माणूस, घाट चढताना हौसेनं जीपच्या खिडकीशी बसले आणि जव्हारच्या गारठ्यानं त्यांचा घसा धरला. मी त्यांना आणि मॅडमना हॉलच्या मधोमध खुर्च्या दिल्या, शेजारी स्पीकर. नाच सुरू झाला. सुरुवात फार सुंदर झाली, मॅडमचा पाय खुर्चीखाली हलायला लागला. मग मी मनात पाच-सहा-सात-आठ म्हटलं. पाऊल बदललं नाही. पुन्हा म्हटलं. तेच पाऊल. मी ओठ हलवून म्हटलं, मग हात करून म्हटलं. सगळे तेच पाऊल टाकत गोल गोल फिरताहेत आणि कसली तरी वाट बघताहेत, पोश्याकाकानं तर मान लांब करून कान पुढं काढलेला. कविताला भोवळ यायला लागली होती. आणि तेवढ्यात परीक्षक खोकले.

सगळ्या रांगेनं एकदम पाऊल बदललं! असं झोकात बदललं की मुकेशच्या तोंडून हाळीच निघाली. परीक्षकांना बरं वाटलं, हसले, आणि हसताना पुन्हा खोकले. पुन्हा पाऊल बदललं. आता बिचाऱ्यांना ढासच लागली. एक पाऊल पडायच्या आत दुसरं, बसायचं की उडी घ्यायची कुणाला कळेना, पण एकानंही खोकला चुकवला नाही. इतका आज्ञाधारक नाच मी जन्मात पाहिला नाही. शेवटी आपल्यामुळं व्यत्यय नको म्हणून सर तोंडावर रुमाल धरून, वाकून, हळूच उठले आणि दाराकडं निघाले. मुकेशनं एकदा स्पीकरकडं बघितलं, एकदा सरांकडं, आणि घोळकाठी आपटून सरांमागं निघाला. हॉलच्या बाहेर, पटांगणातून, फाटकाबाहेर. बाजाराचा दिवस होता. सर पाण्याची बाटली घ्यायला एका दुकानात शिरले तर दुकानाला रिंगण पडलं. हॉलमधे मी, मॅडम आणि स्पीकर राहिलो. स्पीकरमधे तू वाजवत होतास, अगदी स्वच्छ.

सर परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, काही खोकल्याचं आणि काही, मला वाटतं, कलेचं. त्यांनी कागदावर लिहिलं की या कामात प्रेक्षक आणि नर्तक यांच्यातली भिंत पूर्ण कोसळलेली आहे. मी नम्रपणे मान हलवली. तसं का झालं हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण कलेत काही गोष्टी न सांगितलेल्याच बऱ्या.

(ठके, कारण मलाच माहीत नव्हतं! जीपमधे पोश्याकाकाला विचारलं तेव्हा कळलं. तो माझ्याकडं मी वेडी असल्यासारखा बघत राहिला. "लक्ष्या खाकरला का पाय बदलाचा. तोंडात तारपा, मंग सांगल कसा?" इतकी वर्षं सगळे मामाच्या खोकल्यावर नाचताहेत, ठके. तो खाकरतो, पुढची चाल धरतो, आणि सगळ्यांचे पाय आधीच तयार असतात. माझ्या मोजणीवर कुणी एकदाही पाऊल बदललं नव्हतं. मी विचारलं, मामाला हे माहीत आहे? तर काका म्हणाला, त्याला नाय माहीत तं कुणाला, तो मुद्दाम तं करतो. म्हणजे सगळ्यांना वाटतं तो इशारा देतो, आणि त्याला वाटतं तो नाच बिघडवतो. दोघांनी एकमेकांना कधी विचारलंच नाही. आणि तुझ्या पाड्यावर नव्या भाताला दुसऱ्याच्या तारप्यावर सगळे एकाच चालीत भोवंडले, तूच म्हणालीस ना? त्या वेळी तो घरामागं टॉवेलमधे खोकत होता. मला हे कळल्यापासून धड जेवण जात नाही.)

मॅडमनी मात्र जाताना मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, रविना, नाच चांगला आहे, पण मधे कोण आहे? मी ताबडतोब उत्तर दिलं, मधे संकल्पना आहे. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाल्या, स्पीकरभोवती आणि खोकणाऱ्या पाहुण्याभोवती नाचणारी माणसं कुणाला तरी शोधताहेत, ते मला दिसतंय. होळीआधी मुंबईला शेवटचा प्रयोग आहे. मधली जागा अशीच राहिली तर हे काम पुरं झालं असं मी लिहू शकणार नाही. म्हणजे पदवी पुढच्या वर्षावर. मी म्हटलं, मॅडम, मधली जागा आठवड्याभरात भरते. आपल्याकडं माणसांना काय तोटा?

आणि खरंच तोटा नव्हता. जव्हारजवळचा मंगेश आणला. चांगला पोरगा, दम भरपूर, पर्यटकांच्या हॉटेलात वाजवतो. चाली त्याला सगळ्या येतात. पण हॉटेलात पाहुण्यांचा फोटो निघाला की नाच संपतो, त्यामुळं चाल कधी बदलायची हे बिचाऱ्याला कुणी शिकवलेलंच नाही. तो एकच चाल धरून बसतो आणि फोटोची वाट बघतो. मी त्याला म्हटलं, मधे जरा खाकर. तो खाकरला, पण आधी मला विचारून. पोश्याकाका रिंगणातून बाहेर येऊन बसला आणि म्हणाला की हा खोकला खोटा आहे. मी स्वतःही खोकून पाहिलं. त्यावर आईनं मला काढा पाजला.

तर एकंदरीत मामा, सगळं फार छान चाललंय. किरकोळ कामं राहिलीत, तीही होतील. तू काही काळजी करू नकोस आणि उगाच धावपळही करू नकोस. तुझ्याशिवाय माझं अडलेलं नाही हे तुला कळावं, एवढ्याचसाठी हे पत्र. मामीला नमस्कार, बैलांना आणि शेळीला माझी आठवण.

तुझी भाची,
रविना

ता. क. पापड निखाऱ्यावर भाजा, गॅसवर नको, अशी आईची सूचना आहे.

ता. क. आणखी एक. तुझा तारपा खांबाला नुसताच टांगलेला आहे असं कळलं. तो मुकेशबरोबर पाठवशील का? नुसता दिसायला, मधे ठेवायला. अर्थात तू तो दुसऱ्याच्या हातात देत नाहीस हे मला माहीत आहे. एकदा मी नुसता पुसायला घेतला होता तर तू दोन दिवस बोलला नव्हतास. तेव्हा तो ज्याच्या हातातून येऊ शकतो त्याच्याच हातातून आला तर माझी हरकत नाही.

ता. क. मुकेश नुसता पापड द्यायला आलेला नाही. त्याला लगेच परत निघायचंय असं तो म्हणेल, पण ते खोटं आहे, जीप दिवसभरासाठी सांगितली आहे. पुढची खिडकीची जागा मोकळी ठेवलीय. खिडकी लावून घे.

ता. क. ठके, आता कंस वाच. सगळे, पहिल्यापासून आणि मोठ्यानं. तो गोठ्याकडं निघाला तर मागं जाऊन वाच.

ता. क. मामा, कंस ऐकून झाले ना? तर आता सरळच म्हणते, ये. मला फार गरज आहे, आणि तू घरामागं बसलेला मला चालत नाही. फुंकायचं अजिबात नाही, डॉक्टरांचं मी मोडणार नाही. फुंकायला मंगेश आहे, तो तुझ्या पायाशी बसेल. तू मधल्या खुर्चीवर तारपा मांडीवर घेऊन बस, आणि टॉवेल घरीच ठेव. खोकला आला की दाबू नकोस. आम्ही सगळे एका पायावर उभे आहोत.